सॉकेटला लावलेलं कुंकू

दसऱ्याच्या सकाळी मेहकरच्या आमच्या घरातली वीज सारखी जात होती. कुणाला शॉक बसू नये म्हणून मीच हट्टाने बसवून घेतलेल्या सेफ्टी स्विचचा खटका वर केला, की लगेच खाली पडायचा. मी फ्रिज, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांच्या पिना काढल्या, तरी तेच. स्विच विकणाऱ्या दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्यावर शेवटी वायरमनला बोलावलं.

त्याने मेन स्विच बंद करून स्वयंपाकघरातलं सॉकेट उघडलं. आत ओलंचिंब कुंकू! मग बाकीची सॉकेटं उघडली, तर त्यांचंही तेच.

मी आईकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "आज हत्यारांची पूजा असते ना? थे बी दिवसभर राबते आपल्यासाठी. पानी शिंपडलं, कुंकू लावलं. काऊन, चुकलं का?"

"मावशी, पानी अन् करंट? खटका पडला म्हनून वाचल्या तुम्ही!" वायरमन वैतागून हातातला टेस्टर नाचवत म्हणाला.

आईने तो टेस्टर निरखून पाहिला. त्याच्या मुठीवर कुंकवाचं ताजं बोट होतं.

"अन् हे कोनं लावलं?"

वायरमनने टेस्टर हळूच खिशात घातला.

"माह्या मायनं."