फुंकण्याआधीचं गाऱ्हाणं

जयवंत घाडीसोबत काम करायचं म्हणजे डोक्याला ताप. मी प्रेमा, वनखात्याच्या बचाव गाडीची ड्रायव्हर, आणि तो भुलीचा डार्ट मारणारा. जंगलातून भरकटलेलं जनावर मुलुंड-भांडुपच्या कुठल्या सोसायटीत शिरलं की आम्हाला फोन येतो. गाडी मी जीव काढून पळवते आणि तिथं पोचल्यावर हा बाबा नुसता उभा! हातात लांब फुंकनळी, नळीत डार्ट, डोळे जनावरावर. मारेल तर शप्पथ.

त्याचा बाप गिरणीत होता. गिरणी गेली तसं बिऱ्हाड कांजूरमार्गला आलं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान यांच्या घराण्याचा, पण मान खाऊन पोट भरत नाही, म्हणून हा नॅशनल पार्कात रोजंदारीवर लागला. भुशाच्या पोत्यावर फुंकून फुंकून नेम शिकला. त्याची बायको सुगंधा मला म्हणते, "अगो, माका हो म्हणाक पण ह्येनी वरीस काढल्यान."

त्याचं ठरलेलं असतं. जनावर धापा टाकतंय, नाही मारणार. पळतंय, नाही मारणार. आडवं उभं राहायला हवं, मागची मांडी समोर हवी, कान सैल पडायला हवेत. भेदरलेल्या हरणाला भूल दिली तर ते पुन्हा उठत नाही, आणि डार्ट पोटात घुसला तर खेळ खलास. मला हे सगळं पाठ आहे. तरी राग येतो, काय करू? लोकांच्या शिव्या गाडीजवळ उभं राहून मी खाते ना!

त्या दुपारी डोंगराखालच्या एका सोसायटीत चितळाची मादी शिरली होती. गाभण. पोट नुसतं बघूनच कळत होतं. आवारात सत्यनारायणाचा मंडप, खुर्च्या, स्पीकरवर गाणी, आणि ही बिचारी मागच्या भिंतीशी कोपऱ्यात, तोंड उघडं टाकून धापा टाकतेय. आमच्यासोबत आलेल्या, जनावरांच्या नेत्रा डॉक्टरांनी बेताचा डोस भरून दिला आणि म्हणाल्या, "जयवंत, एकच चान्स. पहिला चुकला तर ती गेटवर जाईल."

लोक तर काय विचारू नका. गॅलऱ्यांतून मोबाईल, खालून टोमणे. "ओ भाऊ, मारताय की पूजेला बसताय?" सोसायटीचे अध्यक्ष धोंडिराम परब पांढऱ्या लेंग्यात, हातात माईक. "पगार कसला घेता रे तुम्ही? पाहुणे यायला लागले. मारा आणि न्या!"

"गाणं बंद करा आधी," मी ओरडले. "आणि मागे व्हा! सगळे मागे!"

घसा फुटेस्तोवर ओरडले तेव्हा गाणं थांबलं. माईक तेवढा चालूच राहिला. हळूहळू आवार गप्प झालं. हरणीनं तोंड मिटलं. एक कान खाली आला, मग दुसरा. ती वळली, आडवी झाली, आणि भिंतीच्या कडेचं गवत हुंगायला लागली. जयवंत दोन पावलं पुढे सरकला.

आणि पुटपुटायला लागला.

हे त्याचं नेहमीचं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मागणं. मागणारा एक बोलतो आणि जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हा ओठातल्या ओठात एकटाच म्हणतो. तेवढ्या वेळात त्याचाही श्वास स्थिर होतो. पण त्या दिवशी आवार इतकं शांत होतं की मला गाडीपाशी ऐकू आलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी कोण तुझी लेक हय इली हा, तिका सुखरूप रानात पोचय रे म्हाराजा..."

त्याचे गाल फुगले. नळी ओठाला लागली.

"व्हय म्हाराजा!" धोंडिराम माईकमध्ये ओरडला. आणि अख्खी सोसायटी, सगळी सिंधुदुर्गाकडची, गॅलऱ्यांतनं, जिन्यातनं, खुर्च्यांवरनं: "व्हय म्हाराजा!"

मुद्दाम नाही हो केलं कुणी. जन्मापासूनची सवय. गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं. पण मी तिथल्या तिथं एकेकाचं थोबाड फोडलं असतं.

हरणी हवेत उडाली. खुर्च्या तुडवत सुटली. "आता मार! मार ना, भडव्या!" कोणीतरी किंचाळलं. ती त्याच्यासमोरून गेली, हाताच्या अंतरावरून, पोट त्याच्याच बाजूला. जयवंतचे गाल फुगलेलेच होते. त्यानं नळी खाली केली आणि तोंडातली हवा बाजूला सोडली. हरणी सरळ लोखंडी गेटवर आदळली. मान मोडली.

मग सुरू झालं. "मारलं असतं तर वाचली असती!" "ह्याच्यामुळे मेली!" "व्हिडिओ टाका ह्याचा!" जयवंतनं नळीतला डार्ट काढून घेतला. आम्ही तिघांनी तिला उचलून गाडीत ठेवलं. डॉक्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला, ऐकलं, आणि मान हलवली. "आत जीव आहे अजून. पण कच्चं आहे. काढलं तरी नाही जगणार."

तेवढ्यात धोंडिराम आला, द्रोणात शिरा घेऊन. "घ्या. पूजेचा दिवस, तसेच नका जाऊ. देवाची इच्छा, दुसरं काय?"

जयवंतनं त्याचं मनगट धरलं आणि त्याचा तळवा हरणीच्या पोटावर दाबला.

धोंडिराम दचकला. मग त्याचा चेहरा खुलला. "अरे, हालता हा! जित्ता हा! डॉक्टर, वाचवा ना!"

डॉक्टरांनी हातमोजे उतरवले. हळूहळू त्याला कळलं. तो हात ओढायला लागला, पण जयवंतनं सोडला नाही. मंडपातून हाका येत होत्या, "अध्यक्ष, आरतीक चला!" शिरा गाडीच्या पायरीवर सांडला. "सोड रे," धोंडिराम म्हणाला, "सोड, पाया पडतंय तुझ्या." तो रडत होता.

पोट हलायचं थांबलं, तेव्हा जयवंतनं हात सोडला.