नॉर्थॅम्प्टनविषयीचं खोटं

मी माझ्या बायकोला एका गावाविषयी खोटं सांगितलं आणि ते वीस वर्षं तसंच ठेवलं.

२०१७च्या हिवाळ्यात टोरोंटोच्या एका सबवे स्टेशनात फिलोमिनाचे स्नोबूट दुरुस्तीला टाकायला आम्ही गेलो होतो. दुकानातला चामड्याचा आणि पॉलिशचा वास नाकात शिरला, आणि मी मनाने वीस वर्षांपूर्वीच्या नॉर्थॅम्प्टनच्या बाजारचौकात जाऊन पोचलो. इंग्लंडातलं हे मोठं गाव बूट बनवणाऱ्यांचं. बरेच कारखाने बंद पडले होते, तरी काही गल्ल्यांत हाच वास यायचा. मी तिथे एकटाच नुकता राहायला गेलो होतो, आणि त्या दिवशी चौकात छान ऊन होतं. तिथली भाजीवाली गिऱ्हाइकांना लाडाने 'डक', म्हणजे बदक, म्हणायची, मलाही म्हणाली. तिने दिलेले प्लम खातखातच मी टेलिफोन बूथमधून वसईला फोन लावला.

"कसं आहे रे गाव?" फिलोमिनाने विचारलं. "माझा स्वेटरसुद्धा विणून झाला. कधी येऊ?"

"उदास आहे गं. माणसं बोलत नाहीत. तुला करमायचं नाही."

मला एकट्याला मोकळं राहायचं होतं, एवढंच. मी परत जाईपर्यंत दोन वर्षं ती वसईतच राहिली. वर माझीच कीव करायची.

बूट काउंटरवर ठेवत ती सहज म्हणाली, "तुझ्या त्या उदास गावात असाच वास यायचा ना?"

"गाव उदास नव्हतं," मी म्हणालो. मग चौक, ऊन, भाजीवाली, सगळं सांगितलं. "मलाच तू तिथे नको होतीस. चुकलो मी, फिलू. मला माफ कर."