डब्यावरचा तैगून

गनिश गावात जमरूदचं घर शोधायचं तर शिलाजीतवालीचं घर कुठलं, असं विचारावं लागे. नुसतं जमरूद म्हटलं तर शेजारीणसुद्धा क्षणभर विचारात पडायची. तीस वर्षं तिनं हे एकच काम केलं होतं. नवरा तैगून शाह दोराला लोंबकळून कड्याच्या कपारींतून काळे दगड फोडून आणायचा. ती ते कुटायची, पाण्यात भिजवायची, फडक्यातून पाच-सात वेळा गाळायची आणि ते पाणी परातींत ओतून, वर काच ठेवून, छपरावर उन्हात मांडायची. चाळीस दिवस. त्या चाळीस दिवसांत घरात लग्न असो की मयत, तिचा अर्धा जीव छपरावर. पण चुलीचं नाव काढायचं नाही. नदीपलीकडच्या नगर खोऱ्यातल्या लोकांचा डोंगर उन्हाकडे पाठ करून बसलेला, म्हणून ते बिचारे विस्तवावर आटवतात, हे ती गिऱ्हाइकाला न विचारता ऐकवायची. "पलीकडचं घ्या की खुशाल. पण मग सडकेचं डांबर काय वाईट आहे?" असं म्हणून स्वतःच हसायची. तोंडाची फटकळ बाई, पण माल चोख. कोमट पाण्यात तिची मुगाएवढी गोळी टाकली की तांबूस सोनेरी धागे सुटत सुटत तळाशी जायचे आणि मागे कणभर गाळ राहायचा नाही.

आणि एक वाक्य ती प्रत्येकाला सांगायची. या घरातलं मोडलेलं हाड कधी दवाखान्यात गेलेलं नाही. खोटं नव्हतं ते. तैगूनचं मनगट एकदा मोडलं होतं, ते घरीच जुळलं. लेक नाहिदा सात वर्षांची असताना जर्दाळूच्या झाडावरून पडली, तिचा हातही दूध-शिलाजीत पाजून घरीच बरा झाला. सासूची बरगडीसुद्धा. मग बाईनं छाती फुगवून सांगायचं नाही तर काय करायचं?

दोन वर्षांपूर्वी लाहोरच्या एका कंपनीचा माणूस आला. गुळगुळीत बुटांचा, बोलायला गोड. म्हणाला, शहरातल्या लोकांना तुमची ही कडू, वासाची गोळी गिळवत नाही. आम्ही त्याची गमी करणार. चघळायची, गोड, चेरीच्या चवीची. वर्षाचा सगळा माल आम्हालाच द्या. सासूच्या काळापासून घरात एक काळं मडकं होतं, त्यात घरच्यांपुरतं जुनं शिलाजीत ठेवलेलं असायचं. त्याच्यावरही त्याची नजर गेली. जुनं आहे म्हटल्यावर तेही हवं झालं. जमरूदनं थोडे आढेवेढे घेतले आणि मग चमच्यानं खरवडून मडकंही रिकामं करून दिलं. पुढच्या वर्षी भरू की परत, तिनं स्वतःची समजूत घातली.

त्यांनी तैगूनचा कड्यावर लटकलेला फोटो काढला. जमरूदला कॅमेऱ्यापुढे बसवलं आणि काहीतरी बोला म्हणाले. ती दुसरं काय बोलणार? नेहमीचं तेच वाक्य बोलली. डबे बाजारात आले तेव्हा वर तैगूनचा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत तिचं वाक्य. आत लालभडक मऊ गोळ्या, डोंगराच्या आकाराच्या. गावभर चेष्टा झाली. "काय गं जमरूद, नवऱ्याला डब्यात भरून विकलंस?" बायका विचारायच्या. तिला राग येत नसे. उलट तिनं एक रिकामा डबा चुलीवरच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता.

तिच्या मनात एकदा शंका येऊन गेली होती, नाही असं नाही. आपल्या सहा पराती माल, आणि एवढे डबे निघतात कसे? पण ती शंका तिनं गिळली. गोड बोलणाऱ्या माणसावर शंका घ्यायला आपल्याला जडच जातं.

यंदा कंपनीला जास्त माल हवा होता. खालच्या कपारी संपल्या होत्या, म्हणून अक्रोड झोडायच्या दिवसांत तैगून वरच्या कड्याला गेला. छप्पन्न वर्षांचं वय. दोर नाही तुटला, पायाखालचा दगडच निघाला. चौघांनी त्याला खाटेवर घालून खाली आणलं तेव्हा नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर डोकावत होतं.

गिलगिटला मास्तरीण असलेल्या नाहिदाचा तासाभरात फोन आला. "झिझी, गाडी करा आणि इकडे या. आत्ताच्या आत्ता." झिझी म्हणजे आई. जमरूदनं फोन नवऱ्याच्या कानाला लावला.

"दवाखान्यात?" तैगून दात आवळून म्हणाला. "अगं, बाजारातून जाताना लोक काय म्हणतील? शिलाजीतवाला चालला पाय बांधून घ्यायला. उद्यापासून आपल्याकडे कुत्रं तरी फिरकेल का?"

आता खरं सांगायचं तर तेव्हा जमरूदनं हट्ट धरायला हवा होता. तिनं नाही धरला. फळीवरचा डबा तिच्याकडे बघत होता आणि त्याच्यावरचं वाक्य तिचंच होतं. "बघू दोन दिवस," ती लेकीला म्हणाली. हाडवैद्य आला, त्यानं हाड आत ढकललं, कामट्या बांधल्या, आणि सवयीनं म्हणाला, "आता शिलाजीत तर घरचंच आहे तुमच्या."

घरात शिलाजीत नव्हतं. कणभर नाही; मडकं परत भरायचं दोन वर्षं राहूनच गेलं होतं. तिनं मडक्यात कोमट दूध ओतून बोटानं भिंती घासल्या आणि ते फिकट दूध नवऱ्याला पाजलं. दुसऱ्या दिवशी तेही नाही. परातींतलं पाणी नुकतंच मांडलेलं, त्याला अजून महिना हवा. तिनं कंपनीला फोन लावला. गोड माणूस फार हळहळला. पोटभर हळहळला. माल कारखान्यात गेला म्हणाला, परत काढता येत नाही. पण तुम्ही घरचेच, म्हणून त्यानं गमींचा एक आख्खा खोका पाठवून दिला.

मग ती गमी चारू लागली. डब्यावर रोज दोन लिहिलं होतं. तिनं दहा दिल्या, मग वीस.

"जमरूद," तैगून म्हणाला, "हाड जुळेल तेव्हा जुळेल, पण दात जातील बरं का माझे."

ती हसली. तोही हसला. पण त्याचं अंग तापलं होतं, आणि दहाव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा जखमेला वास येत होता. भेटायला येणाऱ्यांना ती दारातच तुमुरू या डोंगरी पाल्याचा चहा देऊन वाटेला लावू लागली. बरं आहे, जुळतंय, असं सांगू लागली.

एका सकाळी तिनं कोमट पाण्याची वाटी घेतली आणि त्यात एक लाल डोंगर टाकला. आयुष्यभर जी परीक्षा तिनं गिऱ्हाइकांना करून दाखवली तीच. बसून राहिली बघत. धागा नाही सुटला. गोळी फुगली, बुळबुळीत झाली, पाणी गुलाबी झालं. तिनं बोट बुडवून चाटलं. साखर. जिभेच्या अगदी मागे, शोधलं तर, तिच्या उन्हाची पुसटशी कडू चव. तेवढीच. अशा वीस गोळ्या ती रोज त्याला देत होती आणि दिवस मोजत होती. तिनं वाटी भिंतीवर फेकली. मग तिथेच बसून ती ओक्साबोक्शी रडली, आणि रडता रडता एकच गोष्ट तिच्या डोक्यात होती. खरं शिलाजीत पाहिजे. आजच्या आज पाहिजे.

खरं शिलाजीत नदीपलीकडे होतं. हाजी कुर्बानकडे. त्याच्याच मालाला तिनं तीस वर्षं डांबर म्हटलं होतं.

पूल ओलांडून ती त्याच्या गावी, सुमायरला गेली. हाजी सत्तरीचा, अंगणात सावलीत बसलेला. तिनं "या अली मदद" म्हणून सलाम केला. त्यानं उत्तर दिलं, तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "आज ऊन आमच्या दारात आलं. काय पाहिजे बेटी, सडक करायची आहे?"

"करा चेष्टा. माझं तोंडच तसं आहे," ती म्हणाली. "हाजीसाहेब, माझा माणूस सडतोय. मला तुमचं शिलाजीत द्या. मागाल ते देते."

हाजीचं हसू मावळलं. त्यानं किती दिवस झाले, हाड बाहेर आलं होतं का, वास येतो का, एवढं विचारलं. मग आत जाऊन अक्रोडाएवढा काळा खडा आणला आणि तिच्या तळहातावर ठेवला. खडा हाताच्या उबेनं मऊ पडू लागला. जमरूदनं तो हुंगला. चोख होता. विस्तवावरचा होता, पण चोख होता. तीस वर्षं आपण काय बोलत होतो, असं तिला झालं.

ती उठायला लागली तसं हाजी म्हणाला, "थांब. एक दाखवायचंय." त्यानं सदऱ्याची वरची दोन बटणं काढली आणि खांदा उघडा केला. गळ्याच्या हाडावर वीतभर लांब, सरळ, टाक्यांचा व्रण होता.

"पट्टी आहे आत. लोखंडी," तो म्हणाला. "नऊ वर्षं झाली. गिलगिटला नाही गेलो, कुणीतरी ओळखलं असतं. पार खाली पिंडी शहरात गेलो. आल्यावर सांगितलं की मेव्हण्याकडे गेलो होतो आणि शिलाजीतनं बरा झालो."

"पण आमच्या नाहिदाचा हात..."

"सात वर्षांच्या पोरीचा हात, बेटी. तिला नुसतं ताक-भाकरीवर ठेवलं असतंस तरी जुळला असता."

"म्हणजे यात काहीच नाही?" तिनं मूठ पुढे केली.

"मला काय माहीत? मी खातो. सकाळी उठावंसं वाटतं. ते शिलाजीतमुळे की नमाजेमुळे, देव जाणे. पण सडलेलं हाड यानं जुळताना मी पाहिलेलं नाही. तूही पाहिलेलं नाहीस. घेऊन जा त्याला. पुलावरच रडत बसू नकोस, आधी गाडी बघ."

घरी येऊन तिनं तैगूनला सगळं सांगितलं. "माझ्या बापानं हेच विकलं," एवढंच तो म्हणाला.

"नाहिदाच्या बाबा, ते वाक्य माझं होतं. मी ते परत घेते," जमरूद म्हणाली. "जगाला काय सांगायचं ते मी सांगेन. मला तुमचा पाय पाहिजे. नाव नको मला. चला."

भर दुपारी, बाजारातून, उघड्या जीपमध्ये खाट घालून ती त्याला घेऊन गेली. ज्यांना ती घाबरली होती त्यांतलं कुणी काही बोललं नाही. दुकानदार उठून उभे राहिले. एकानं पाण्याची बाटली जीपमध्ये टाकली. एवढ्यासाठी आपण सोळा दिवस घालवले, हे तिच्या मनात आलं आणि ते तिला सहन होईना.

गिलगिटचा डॉक्टर तरुण होता, ओरडला नाही. "पहिल्या दोन दिवसांत आणलं असतं तर," एवढं म्हणून त्यानं पुढचं वाक्य सोडून दिलं. मग ते सोडलेलं वाक्य नाहिदानं आईला पुरं करून ऐकवलं, व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, आणि जमरूदनं मान खाली घालून ऐकून घेतलं. तैगूनचा पाय गुडघ्याच्या वरून कापला.

पाचव्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक मुलगी आली, मांडीचं हाड मोडलेली. बरोबर तिची आई, खाली चिलासकडची. तिला मुलीला तिथे ठेवायचं नव्हतं, शस्त्रक्रियेची तिनं धास्ती घेतली होती. तिनं पिशवीतून डबा काढला आणि मुलीच्या तोंडात एक लाल गोळी घातली. मग ती डब्याकडे बघू लागली, मग तैगूनकडे, मग परत डब्याकडे.

"हे तुम्हीच ना?" तिनं विचारलं. चेहरा एकदम उजळला होता तिचा. "डब्यावर लिहिलंय, तुमच्या घरातलं हाड कधी दवाखान्यात आलंच नाही. मग याला काय करू हो? घेऊन जाऊ का घरी? लागू पडतात ना या?"

तैगूननं पांघरूण बाजूला केलं.

बाईनं कापलेला पाय पाहिला. नंतर हळूच तिनं डब्याला झाकण लावलं. पण तिची आस सुटत नव्हती. ती जमरूदच्या जवळ सरकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "गोळ्या जाऊ देत. पण खरं असतं ना तुमच्याकडे, उन्हातलं? त्यानं तरी जुळतं ना?"

जमरूदच्या ओढणीच्या गाठीत हाजीचा खडा अजून तसाच होता. तिनं गाठीवर हात ठेवला.

"मला नाही माहीत, बहिणी," ती म्हणाली. "तीस वर्षं विकलं. माल नेणारा परत यायचा नाही. आम्ही समजायचो, बरा झाला. मुलीला डॉक्टरकडे दे."