मागच्या गल्लीतून निवडलेली खोली

आमच्या काकांना हॉटेल कळतं ते मागच्या बाजूनं. काचेचं दार, कुंड्या, दारात उभा हसरा माणूस, हे सगळं त्यांच्या मते लग्नातल्या फोटोसारखं, त्या दिवशी सगळेच बरे दिसतात. खरं काय ते मागच्या तारेवर वाळत असतं. एकतीस वर्षं ते आणि काकू आमच्या गावातल्या दोन हॉटेलांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल धुतायत, त्यामुळे या विषयात त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही.

त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथं दोन मोठी धुलाईची मशीनं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तारा आणि एक लांबलचक इस्त्रीचं टेबल. काका धुतात, काकू इस्त्री करते आणि घडी दोघं मिळून घालतात. दोन टोकं काकांनी धरायची, दोन काकूनं, एक झटका द्यायचा, पुढे यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे जायचं. लहानपणी मी म्हणायचे, काका-काकू दिवसभर नाचतात. त्यावर काकू म्हणायची, "हो ना, आणि मेलं एकदाही कुणी टाळ्या वाजवत नाही!"

काकूची इच्छा एकच. दुसऱ्या कुणीतरी घातलेल्या चादरीवर एक रात्र झोपायचं आणि सकाळी ती तशीच चुरगळलेली टाकून उठायचं. हे ती हसत हसत सांगायची, म्हणून आम्हीही हसायचो. आमच्यापैकी कुणीच ते मनावर घेतलं नाही याची मला आता लाज वाटते.

गेल्या वर्षी दोन्ही हॉटेलं रंगकामासाठी दोन दिवस बंद राहिली. एक दिवस जायचा, एक यायचा, मधली एक रात्र हातात. मी जाहीर केलं, "काकू, तुला मोठ्या शहरात नेते. हॉटेलात राहायचं." मी विम्याच्या कचेरीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते, तेव्हा जगातलं सगळं मला पडद्यावर दिसतं असा माझा समज होता. आठ दिवस खपून मी शहर पिंजून काढलं, अर्थात बसल्या जागेवरून. स्टेशनजवळ राहिलो तर गोंगाट. उंच इमारतींच्या भागात संध्याकाळी चिटपाखरू नसतं. जुन्या बाजारपेठेत हॉटेलं छोटी, लिफ्ट नाही, आणि काकूचा गुडघा जिना म्हटला की कुरकुरतो. म्हणून जुना बाजार मी फुली मारून टाकला. शेवटी नदीकाठचं एक हॉटेल ठरवलं. साडेचार तारे, नऊशे लोकांनी वाखाणलेलं.

काकांनी फोटो बघितले आणि विचारलं, "मागची गल्ली दाखव."

"मागच्या गल्लीचे फोटो कोण टाकतं, काका?"

"तेच तर म्हणतोय मी. उंटावरून शेळ्या हाकतेस तू."

मला राग आला. पण काकू नवी पिशवी भरत होती, म्हणून मी सरळ बुकिंग करून टाकलं.

सकाळी अकराला नदीकाठी पोचलो. हॉटेल फोटोतल्यापेक्षाही देखणं होतं. मी विजयी मुद्रेनं मागे वळते तो काका गायब. दहा मिनिटांनी आले ते मान हलवतच. "चादरी स्वयंपाकघराच्या धुराड्याखाली वाळतायत. रात्रभर फोडणीच्या वासात झोपायचंय का?" बुकिंग रद्द करता येत होतं, ते मी दात-ओठ खात रद्द केलं.

मग स्टेशनजवळ. तिथं काकांनी तारेवरच्या चादरीचा काठ लांबूनच ओळखला. "पिवळा पडलाय. साबण न काढताच इस्त्री फिरवलीय." मग उंच इमारतींचा भाग. तिथं तार नाही, चादर नाही, सगळं धुणं बंद गाडीतून कुठंतरी जातं. मला वाटलं, सुटलो. काका म्हणाले, "लपवतात म्हणजे काहीतरी असणारच." जित्याची खोड म्हणतात ती हीच. माणूस आयुष्यात एकदा सुट्टीवर निघाला तरी शेड डोक्यावर घेऊन फिरत होता.

चौथ्या जागी जाताना जुन्या बाजारापाशी बस बदलायची होती. दुपारचे तीन वाजले होते. पायांचे तुकडे पडले होते. काकू फुटपाथवर पिशवी ठेवून तिच्यावरच बसली आणि म्हणाली, "संध्याकाळची गाडी आहे ना? घरी जाऊ या."

"अगं, आता पुढचं एकच..." काका म्हणाले.

"अहो, तुम्ही चादर शोधताय. मी झोप शोधतेय." "एकतीस वर्षं चादरीच बघतेय मी. आज तरी त्या बघायच्या नव्हत्या मला."

काकांचा चेहरा एवढासा झाला. माझाही, कारण नऊशे लोकांचं ऐकणारी मी आणि मागची गल्ली बघणारे काका, दोघांनीही काकूला काही विचारलंच नव्हतं. गाडी सहाला होती. ती रात्र आमच्या हातून जवळजवळ गेलीच होती.

पाणी संपलं होतं. काकू उठली, लंगडत समोरच्या अरुंद गल्लीत शिरली आणि एका उघड्या दाराशी थांबली. आम्ही मागोमाग गेलो. तीन मजली, जुनाट, हिरव्या खिडक्यांचं छोटं हॉटेल, आणि ते त्याचं मागचं दार होतं. अंगणात काकूच्याच वयाची एक बाई खुर्चीत बसून चहा पीत होती. पाय पालथ्या बादलीवर, शेजारी धुण्याची टोपली. दुसरी बाई, गळ्यात चाव्यांचा जुडगा म्हणजे मालकीणच, तिच्याशी गप्पा मारत अभ्रे तारेवर टाकत होती. काकूला बघून धुणारी उठायला लागली.

"बसा, बसा," काकू घाईनं म्हणाली. "घोटभर पाणी हवं होतं."

मालकिणीनं पाणी दिलं. काकू ते पीत त्या खुर्चीकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "खोली आहे का हो तुमच्याकडे?"

"दोन आहेत. तळमजल्यावर, शेजारी शेजारी. चालतील?"

काका एव्हाना तारेपाशी पोचले होतेच. "अगं, या चादरीला ठिगळ आहे," ते हळूच म्हणाले.

"असू दे. कुणीतरी निवांत बसून लावलंय ते," काकू म्हणाली. "जिथं धुणारीला बसायला खुर्ची आहे, तिथं मी झोपणार. तुम्हाला जायचं तर जा नदीकाठी."

काका कुठं जाणार? मी पडद्यावर फुली मारलेल्या जुन्या बाजारात, एकही जिना न चढता, आमचं सामान खोलीत पडलं. काकूनं पलंगावर बसून दोनदा उसळी मारून पाहिली आणि लहान मुलीसारखी हसली. मग काकांना दम भरला, "उद्या सकाळी चादरीला हात लावाल तर याद राखा." काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

सकाळी साडेआठला मी त्यांचं दार वाजवलं. काकांनी ते फटीएवढं उघडलं आणि ओठांवर बोट ठेवून मला आत घेतलं. पलंगाकडे बघितलं आणि मला हसू आवरेना. काकांच्या बाजूची अर्धी चादर टोकाला टोक लावून, सरळ रेषेत घडी घालून पलंगाच्या मध्यापर्यंत आणलेली होती. उरलेल्या अर्ध्या भागावर काकू तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

"पाचला जाग आली," काका ओशाळून कुजबुजले. "हात आपोआप चालले गं. अर्धी झाली तेव्हा शपथ आठवली. आता ओढली तर ही उठेल, म्हणून साडेतीन तास असाच बसलोय."

तेवढ्यात काकूनं एक डोळा उघडला. घडीकडे बघितलं, काकांकडे बघितलं. काका शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले. मलाही वाटलं, आता काही खरं नाही.

"माझं टोक मिळायचं नाही," काकू म्हणाली, आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

काकांनी घातलेली घडी उलगडली, चादर पसरली, सवयीनं एकदा हात फिरवला आणि स्वतःही तिच्यावर आडवे झाले. मी बाहेर येऊन हळूच दार ओढून घेतलं. ती दोघं उठली तेव्हा साडेदहा वाजले होते, आणि चादर इतकी चुरगळली होती की काकू दारातून दोनदा मागे वळून तिच्याकडे बघत होती.