उजवा कौल

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका झालं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझ्या दिरांचा मुलगा बाबन चौदा वर्षांचा. आई गेलेली, वडील बोटीवर. शाळा बुडवायची, विड्या ओढायच्या, हाताला लागेल ते उचलायचं — रोज कुणीतरी दारात भांडायला उभं. मी म्हणायची, चांगला फोडून काढा. सासूबाईंनी वेगळंच ठरवलं. "तेका कोणी मारूचा नाय, चोर म्हणाचा नाय. सांजचा सगळ्यांनी तेच्यावांगडा बसाचा."

आणि बसायचो हो त्याच्यासोबत! पडवीत सुंभ वळत दिवसभर काय केलं ते प्रत्येकाने सांगायचं, मोठ्यांनीसुद्धा. तीन महिन्यांत पोरगा नेमाने शाळेत जायला लागला.

खरं सांगू? तेच मला खुपलं. माझा मुलगा वसंत मला सांगत नव्हता ते बाबनला सांगायचा. शिवाय सासूबाईंचं खरं ठरलं, माझं खोटं — तेही होतंच. किती हलकं असावं माणसाने?

मग बाबनच्या विडीने शेजाऱ्यांची गवताची उडवी पेटली. घरात दोन तट पडले. पोराला ठेवायचं, की तळेऱ्याला ओळखीच्या चहाच्या हॉटेलात कामाला धाडायचं? सासूबाई म्हणाल्या, देवीचा कौल घेऊ. गावात बभ्रा नको, म्हणून माझ्या माहेरच्या देवीचा. त्यांना चालवत नव्हतं, म्हणून मी एकटीच गेले. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर ठेवायचं, डावी पडली तर धाडायचं.

उजवी पडली. लगेच पडली.

घरी येऊन मी सांगितलं — डावी.

देवीपुढे कोण बोलणार? सासूबाईंनीच त्याचे कपडे बांधून दिले. निघताना बाबनने मलाच विचारलं, "काकी, देवीन खराच डावो दिल्यान गो?" मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून "होय रे" म्हटलं. हात ठेवायची काय गरज होती?

वर्षभरात तो तिथून कुठल्याशा ट्रकबरोबर निघून गेला. पुन्हा दिसला नाही. सासूबाई त्यानंतर सात वर्षं जगल्या. देवीचं नाव काढलं की तोंड फिरवायच्या — "माझो नातू घालवल्यान तिणा."

आणि मी? मी त्यांना समजवायची, की देवीवर असा राग धरू नये.