लोणावळ्यात एसी कशाला

आमच्या गाडीतून जात्यात खडा अडकल्यासारखा आवाज यायला लागला, तो सगळ्यात आधी ऐकला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. त्यांचं आयुष्य तळेगावच्या एका कारखान्याची बस चालवण्यात गेलं. कान असे तिखट, की कुरवंड्याच्या चढावर कुणाची गाडी येतेय हे ओट्यावर बसून सांगायचे. हल्ली मात्र माणूस अंगणात येऊन उभा राहिला तरी तो बोलेपर्यंत ते गप्प असायचे. तुसडेपणा वाढलाय यांचा, असं मी आईला म्हणायचे.

तुंगार्लीच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून बघितलं. एसीच्या कंप्रेसरचं बेअरिंग गेलं होतं.

"हा कधीही जाम होईल," तो म्हणाला. "जाम झाला की पट्टा तुटणार, आणि त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप फिरतो. नवा कंप्रेसर टाका, नाहीतर छोटा पट्टा टाकून याला बाजूला काढतो. मग एसी विसरा. पावसाळ्यात काचेवर वाफ धरेल, तेवढं सांभाळा."

"लोणावळ्यात यसी कशाला?" आबा म्हणाले. "आमी काय मुंबईचं पावनं हाय का?"

आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्याला एसी लावायची लाज वाटते. ते चोचले शनिवार-रविवारी येणाऱ्यांचे. पावसाळ्यात ढग थेट घरात शिरतात, तेव्हा गाडीची काच साफ ठेवायला तोच एसी लागतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मीही आबांचीच लेक. हसले आणि छोटा पट्टा टाकून घेतला.

पाऊस सुरू झाला आणि घरात एक नवं वाक्य राहायला आलं. काच धरली. बंपर कुंपणाला घासला, काच धरली. शेजाऱ्यांची म्हैस थोडक्यात वाचली, काच धरली. पाणी काचेवर ठरू नये म्हणून आबा बाहेरून ओली तंबाखू चोळायचे, आतून फडकं फिरवायचे, आणि मी त्या मेल्या कंप्रेसरच्या नावाने बोटं मोडायचे. मग एका दुपारी लख्ख ऊन पडलेलं असताना आबा दगडावर गाडी घालून आले आणि म्हणाले, काच धरली. लख्ख उन्हात काच कुठली धरते? वडगावला कोर्टाच्या, तहसीलच्या कामाला निघालेली गावची माणसं आबांच्याच भरवशावर गाडीत बसायची. त्यांना कसं सांगायचं, आणि आबांना तर कसं, हे मला कळेना. म्हणून मी दर खेपेला त्यांच्या शेजारी बसायला लागले.

त्या सकाळी वाडीवरच्या मावशी मागे होत्या, मांडीवर त्यांची नात. ढग रस्त्यावर उतरले होते. आबा काच पुसत, कान देत गाडी हाकत होते. समोरून हॉर्न आला की डावीकडे घ्यायचे. मी मुठी आवळून बसले होते. भुशीच्या अलीकडे पोरीला मळमळायला लागलं. गाडी थांबवली. मी चारी काचा खाली केल्या, वारा आत घुसला आणि पुढची काच बघता बघता निवळली.

मावशी पोरीला घेऊन उतरल्या. सवयीने मागे दार ओढून घेतलं, आणि बॉनेटच्या पुढून वळून डोंगराकडच्या पाण्यावर तिचं तोंड धुवायला निघाल्या.

आबांनी दाराचा आवाज ऐकला. "बसल्या व्हय? चला," म्हणाले, आणि गिअर टाकला.

मी हँडब्रेक खेचला. गाडी एक हिसका देऊन बंद पडली. बॉनेटला चिकटून मावशी उभ्या होत्या, पोरीला छातीशी आवळून. "आवो भाऊ, आमी हितं हाय की! दिसत न्हाई का?"

"काच धरलीया, मावशी," आबा म्हणाले आणि फडकं घेऊन पुसायला लागले.

त्या काचेतून मला पोरीच्या फ्रॉकची तुटलेली गुंडी दिसत होती.

फडकं फिरतच राहिलं, वरून खाली, पुन्हा वर. मग आबांचा हात थांबला. समोर बघतच त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "बघ गं, झाली का साफ?"

"न्हाई, आबा," मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं. "उतरा. मी चालवते."

कुणाच्या हाती कधी स्टिअरिंग न दिलेला माझा बाप एका शब्दाने भांडला नाही. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. ते उतरले, आणि बॉनेट हाताने चाचपत चाचपत माझ्या बाजूच्या दाराशी आले.