पीएच जागेवर, ठमी आडवी

९ फेब्रुवारी. तपासणीचे एक हजार सातशे चाळीस रुपये किल्लीवाल्याने आधीच चुकते केले आणि आपल्या कुत्रीला, ठमीला, टेबलावर ठेवलं. तीन दिवस उलट्या चालू होत्या. आता तिला मानही धरवत नव्हती.

डॉक्टरीणबाईंची उभी हयात जनावरांत गेलेली. रक्ताच्या तपासणीत त्या आधी पीएच, म्हणजे रक्तातल्या आम्लाचा तोल, बघत. तो जागेवर असला की निम्मी काळजी मिटली, अशी त्यांची रीत. ठमीचा पीएच ७.४० होता. अगदी जागेवर.

"मग घरी नेऊ का?" किल्लीवाल्याने विचारलं.

"थांबा काका."

ठमीच्या हिरड्या पांढऱ्याफटक दिसत होत्या. बाईंनी रक्त पुन्हा यंत्रात घातलं. तेच उत्तर. मग यंत्राला दोन चापट्या मारून झाल्या.

"ताई, कुलूप उघडलं नाही तर मी आधी किल्ली तपासतो. तुम्ही कुलपालाच बडवताय!"

बाईंना हसू आलं नाही. आकडा खरा मानावा तर कुत्री खोटी, कुत्री खरी मानावी तर आकडा खोटा. डोकं चालेना. शेवटी, पीएच बरा असताना एरवी ज्यांच्याकडे त्या ढुंकूनही बघत नसत, ते खालचे आकडे त्यांनी वाचले. क्लोराइड तळाला, लॅक्टेट तिप्पट. उलट्यांमधून पोटातलं आम्ल बाहेर गेलं होतं आणि अंगातलं पाणी आटल्यामुळे रक्तात दुसरंच आम्ल साठलं होतं. दोन आजार दोन बाजूंनी दोर ओढत होते, म्हणून मधली गाठ हलत नव्हती.

"दोन्हीकडून बिघडलंय काका, म्हणून बरोबर दिसतंय."

"मला काही कळलं नाही, ताई."

"मलाही आत्ता कुठे कळतंय. नुसतं आम्ल मारायला सोडा टोचला असता, तर गेलीच होती ही. सलाइन लावते. उलट्यांत गेलेलं पोटॅशियमही भरायचंय, माझ्याकडचं संपलंय, समोरच्या औषधाच्या दुकानातून आणा. पळा!"

तो पळाला. दुपारी ठमी जरा सावरल्यावर बाईंनी पोट उघडलं. जठराच्या खालच्या तोंडाशी मोज्याचा बोळा अडकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी पाणी प्यायली, शेपूट हलवू लागली. पीएच मात्र ७.४९.

"काल आकडा बरोबर तर ही मरत होती, आज चुकला तर शेपूट हलवतेय?"

"आम्ल उतरलं. दुसरी बाजू अजून ओढतेय. उतरेल तीही," बाई म्हणाल्या, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा हिरड्या बघून त्यांनी सलाइनची नवी बाटली लावली.

चौथ्या दिवशी ठमी चालत घरी गेली. पोटॅशियमचे पासष्ट रुपये बाईंकडून किल्लीवाल्याला अजून यायचे आहेत.